ओपनझेपेलिन ५ वर गेल्यावर कस्टम एररच्या टेस्ट नेमक्या कशा लिहाव्यात?

सह्याद्री_डेव्ह (प्रश्न)

नमस्कार.

आम्ही सांभाळत असलेले एक व्हॉल्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम) ईआरसी-४६२६ या मानकाप्रमाणे लिहिलेले आहे: वापरकर्ता मूळ टोकन जमा करतो आणि त्याबदल्यात त्याला व्हॉल्टचे शेअर मिळतात. आतापर्यंत ते ओपनझेपेलिन या तयार कॉन्ट्रॅक्टच्या लायब्ररीच्या ४.९ आवृत्तीवर होते. आता ते ५ मालिकेवर आणण्याचे काम चालू आहे. कॉन्ट्रॅक्टच्या कोडमध्ये फारसे बदल करावे लागले नाहीत, परंतु नकाराच्या, म्हणजे कॉल रिव्हर्ट होऊन रद्द होतो का हे पाहणाऱ्या, जवळजवळ सगळ्या टेस्ट एकदम मोडल्या. कारण उघड आहे. पूर्वी 'ओनेबल: कॉलर इज नॉट द ओनर' अशी स्ट्रिंग येत असे, तिच्या जागी आता ओनेबलअनऑथराइज्डअकाउंट हा कस्टम एरर (कोडमध्ये नाव देऊन घोषित केलेला एरर) येतो, आणि त्यासोबत ज्या पत्त्यावरून कॉल झाला तो पत्ताही येतो.

टेस्ट फाउंड्री या टूलमध्ये, सॉलिडिटी भाषेत आहेत. डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टसोबत लिहिलेल्या काही जुन्या टेस्ट हार्डहॅट या जावास्क्रिप्टवरच्या टूलमध्ये आहेत. फाउंड्रीत आम्ही एक्स्पेक्टरिव्हर्टला (पुढचा कॉल रिव्हर्ट होईल अशी अपेक्षा नोंदवणारे फंक्शन) स्ट्रिंगऐवजी एररचा सिलेक्टर, म्हणजे त्याची ४ बाइटांची खूण, दिला. आर्ग्युमेंट नसलेल्या एररसाठी हे चालते. परंतु मर्यादेपेक्षा जास्त रक्कम काढताना येणाऱ्या ईआरसी४६२६एक्सीडेडमॅक्सविथड्रॉसाठी चालत नाही, आणि 'अपेक्षित एररपेक्षा वेगळा एरर आला' अशा अर्थाचा संदेश दिसतो, जरी ट्रेसमध्ये नाव तेच असले तरी. आमच्यातील एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की एक्स्पेक्टरिव्हर्टला काहीच न देता रिकामे ठेवावे, म्हणजे कोणताही रिव्हर्ट चालेल आणि पुढच्या आवृत्तीत नावे बदलली तरी टेस्ट मोडणार नाहीत. मला हे पटत नाही, पण ते का पटत नाही हे नेमकेपणाने सांगताही येत नाही.

दुसरा भाग हाताळणीचा. आमचे एक वेगळे राउटर कॉन्ट्रॅक्ट एकाच व्यवहारात अनेक व्हॉल्टमधून रक्कम काढते, आणि एका व्हॉल्टने नकार दिला तरी बाकीचे काम पुढे जावे अशी अपेक्षा आहे. तिथे ट्राय-कॅचमध्ये स्ट्रिंगचा एरर पकडण्याची सोय आहे, पॅनिक (ओव्हरफ्लोसारख्या चुकीचा क्रमांक देणारा एरर) पकडण्याची आहे, पण नाव देऊन कस्टम एरर पकडण्याची दिसत नाही. ही सोय खरोखरच नाही, की माझ्या नजरेतून सुटली आहे?

बाइटकोडवाला

सिलेक्टरपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पहिल्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. कस्टम एरर सॉलिडिटीत ०.८.४ या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून आहेत. रिव्हर्ट होताना जो डेटा परत जातो त्याची रचना फंक्शनच्या कॉलडेटासारखीच असते: एररचे नाव आणि आर्ग्युमेंटचे प्रकार यांच्या केकॅक हॅशचे पहिले ४ बाइट, आणि त्यापुढे प्रत्येक आर्ग्युमेंट ३२ बाइटांत. ईआरसी४६२६एक्सीडेडमॅक्सविथड्रॉला तीन आर्ग्युमेंट आहेत: मालकाचा पत्ता, मागितलेली रक्कम आणि त्या क्षणी काढता येण्याजोगी कमाल रक्कम. म्हणजे प्रत्यक्षात १०० बाइट परत येतात. एक्स्पेक्टरिव्हर्टला तुम्ही ४ बाइट दिले, आणि फाउंड्री पूर्ण डेटाची तुलना करते. म्हणून नाव तेच असूनही टेस्ट पडते.

यावर दोन मार्ग आहेत. एबीआय-एन्कोडविथसिलेक्टर वापरून सिलेक्टर व तीनही आर्ग्युमेंट एकत्र बांधावीत आणि तो संपूर्ण डेटा एक्स्पेक्टरिव्हर्टला द्यावा. किंवा एक्स्पेक्टपार्शियलरिव्हर्ट वापरावा, जो फक्त पहिले ४ बाइट बघतो. माझा कल स्पष्टपणे पहिल्या मार्गाकडे आहे. मात्र एक सावधगिरी बाळगावी: एन्कोडविथसिलेक्टर आर्ग्युमेंटची संख्या किंवा प्रकार तपासत नाही. मागितलेली रक्कम आणि कमाल रक्कम यांची अदलाबदल झाली तरी कंपायलर काही बोलणार नाही. टेस्ट पडेल, आणि चूक कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे असे समजून तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या सूचनेविषयी. चेक वटला नाही एवढेच पाहून थांबणे आणि बँकेच्या मेमोवरचे कारण वाचणे यांत जो फरक आहे, तोच रिकाम्या एक्स्पेक्टरिव्हर्टमध्ये आणि नेमक्या एररमध्ये आहे. खात्यात पैसे नव्हते की सही जुळली नाही, हे चेक परत आला एवढ्यावरून कळत नाही. तुमच्याच व्हॉल्टचे उदाहरण घेऊ. समजा, 'परक्या माणसाला दुसऱ्याच्या खात्यातून रक्कम काढता येऊ नये' अशी टेस्ट लिहायची आहे. ओपनझेपेलिनच्या विथड्रॉ फंक्शनमध्ये आधी कमाल मर्यादा तपासली जाते आणि परवानगीची तपासणी त्यानंतर, आतल्या फंक्शनमध्ये होते. टेस्टमध्ये मालकाच्या शिलकीपेक्षा एक एकक जरी जास्त मागितले गेले, तर नकार मर्यादेमुळे येतो आणि परवानगीच्या तपासणीपर्यंत अंमल पोहोचतच नाही. रिकामी टेस्ट हिरवी दिसेल. उद्या कोणी विथड्रॉ ओव्हरराइड करताना परवानगीची ओळ गाळली तरीही ती हिरवीच राहील. सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची टेस्ट अशा वेळी काहीही तपासत नसते.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी की ईआरसी-४६२६ व्हॉल्टमध्ये दोन ईआरसी-२० टोकन गुंतलेली असतात. मूळ टोकन हे एक, आणि व्हॉल्ट स्वतः, म्हणजे त्याचे शेअर, हे दुसरे. दोन्ही ओपनझेपेलिन ५ वर असतील तर परवानगी अपुरी असताना दोन्हीकडून ईआरसी२०इन्सफिशियंटअलाउन्स हाच एरर येतो आणि त्याचा सिलेक्टरही अर्थातच सारखाच. अप्रूव्ह न करता डिपॉझिट केले तर मूळ टोकन नकार देते आणि तो डेटा व्हॉल्टमधून जसाच्या तसा वर येतो; परक्याने विथड्रॉ केले तर नकार व्हॉल्टचा स्वतःचा असतो. फक्त सिलेक्टर पाहणाऱ्या टेस्टला हा फरक दिसणे शक्य नाही. आर्ग्युमेंटमध्ये मात्र तो लख्ख दिसतो: पहिल्या प्रसंगी स्पेंडर म्हणून व्हॉल्टचा पत्ता येतो, दुसऱ्या प्रसंगी कॉल करणाऱ्याचा. एक्स्पेक्टरिव्हर्टला डेटासोबत रिव्हर्ट करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ताही देता येतो. जिथे अशी संदिग्धता आहे तिथे तो अवश्य द्यावा.

आर्ग्युमेंट तपासताना अपेक्षित आकडा कुठून आणायचा, हाही प्रश्न आहे. पुष्कळ जण टेस्टमध्ये व्हॉल्टच्याच मॅक्सविथड्रॉला विचारतात आणि तो आकडा अपेक्षित एररमध्ये भरतात. म्हणजे कॉन्ट्रॅक्टने दिलेले उत्तर कॉन्ट्रॅक्टनेच दिलेल्या उत्तराशी ताडून पाहिले जाते, आणि हिशेबच चुकला असेल तर दोन्ही बाजू सारख्याच चुकतात. त्यापेक्षा लहान आकडे घेऊन हाताने गणित करावे. एका खातेदाराने १०० एकके जमा केली, त्याला १०० शेअर मिळाले, आणि नंतर कोणीतरी व्हॉल्टला थेट आणखी १०० एकके पाठवली. आता खातेदाराला २०० काढता येतील असे सहज वाटते. पण ओपनझेपेलिनच्या सूत्रात, डेसिमल ऑफसेट (शेअरची जादा दशांश स्थाने) शून्य असताना, एकूण मालमत्ता आणि एकूण शेअर या दोहोंत १ मिळवला जातो, म्हणून हिशेब १०० गुणिले २०१ भागिले १०१ असा होतो आणि खाली पूर्णांक घेतल्यावर कमाल रक्कम १९९ निघते. तेव्हा २०० मागितल्यावर येणाऱ्या एररमध्ये मागणी २०० आणि कमाल १९९ असलीच पाहिजे. ही एकच टेस्ट मर्यादा आणि राउंडिंगची दिशा या दोन्हींची साक्ष देते, आणि तीही आर्ग्युमेंटसह तपासली तरच.

जाता जाता फाउंड्रीतील एक सापळा सांगतो, कारण तुम्ही नेमके याच फंक्शनशी खेळत आहात. एक्स्पेक्टरिव्हर्ट हा त्याच्या लगेच पुढच्या बाह्य कॉलला लागू होतो. त्याच्या पुढच्या ओळीत विथड्रॉच्या कंसातच मॅक्सविथड्रॉ अधिक १ असे लिहिले, तर सॉलिडिटी आधी कंसातला मॅक्सविथड्रॉचा कॉल करते, तो यशस्वी होतो, आणि 'पुढचा कॉल रिव्हर्ट झाला नाही' म्हणून टेस्ट पडते. हे निदान डोळ्यांना दिसते तरी. प्रँकच्या (पुढचा कॉल दुसऱ्या पत्त्यावरून करवणाऱ्या फंक्शनच्या) बाबतीत हेच घडले तर प्रँक त्या वाचनाच्या कॉलवर खर्च होतो आणि खरा कॉल टेस्ट कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावरून जातो. मग नकार येतो, पण भलत्याच कारणाने. म्हणून आकडा आधी चलात घ्यावा, नंतर प्रँक, नंतर एक्स्पेक्टरिव्हर्ट, आणि त्यापुढे एकटा कॉल.

मोका_ते_फोर्ज

वरच्या उत्तरात हार्डहॅटचा भाग राहिला आहे, तो जोडतो.

हार्डहॅटच्या चाय मॅचरमध्ये रिव्हर्टेडविथकस्टमएरर आहे. त्याला पहिले आर्ग्युमेंट म्हणून कॉन्ट्रॅक्टचा ऑब्जेक्ट आणि दुसरे म्हणून एररचे नाव द्यायचे, आणि पुढे विथआर्ग्ज जोडून मूल्ये तपासायची. पहिल्या आर्ग्युमेंटविषयी पुष्कळ गैरसमज आहे. ते कॉन्ट्रॅक्ट म्हणजे एरर कोणी फेकला याची तपासणी नव्हे. त्याच्या एबीआयमधून (कॉन्ट्रॅक्टच्या फंक्शन व एररच्या वर्णनातून) फक्त एररची व्याख्या वाचली जाते. त्यामुळे वर सांगितलेल्या परवानगीच्या एररसाठी व्हॉल्ट दिला काय आणि मूळ टोकन दिले काय, टेस्ट सारखीच उत्तीर्ण होईल. हार्डहॅटमध्ये हा भेद विथआर्ग्जमधील स्पेंडरच्या पत्त्यावरूनच करावा लागतो.

उलट अडचणही येते. व्हॉल्ट ज्या तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टला कॉल करतो त्याचा एरर वर आला, तर त्याची व्याख्या व्हॉल्टच्या एबीआयमध्ये नसते, कारण कंपायलर फक्त त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये घोषित केलेले किंवा त्याच्या कोडमध्ये वापरलेले एरर एबीआयमध्ये घालतो. तेव्हा मॅचर 'या कॉन्ट्रॅक्टमध्ये असा एररच नाही' अशी तक्रार करतो. अशा वेळी व्याख्या जिथे आहे त्या कॉन्ट्रॅक्टचा किंवा इंटरफेसचा ऑब्जेक्ट पहिल्या जागी द्यावा. केवळ टेस्टच्या सोयीसाठी तोच एरर व्हॉल्टमध्ये पुन्हा घोषित करण्याची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे. ती मला अजिबात आवडत नाही.

आणि अवेट. एक्स्पेक्टच्या आधी अवेट नसेल तर प्रॉमिस पूर्ण होण्यापूर्वीच, टेस्ट चालवणाऱ्या मोकाच्या दृष्टीने, टेस्ट संपलेली असते, आणि जे कधी तपासलेच गेले नाही ते उत्तीर्ण म्हणून नोंदवले जाते. अवेट एक्स्पेक्टच्या बाहेर हवा. कंसाच्या आत घातला तर रिव्हर्ट मॅचरपर्यंत पोहोचण्याआधीच अपवाद म्हणून फुटतो आणि टेस्ट पडते. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटमधील नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा नियम चालू ठेवावा. डोळ्यांनी अवेट शोधत बसण्याचे हे काम नव्हे.

सह्याद्री_डेव्ह

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. दोन टोकनांकडून सारखाच सिलेक्टर येतो हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता. आमच्या डिपॉझिटच्या टेस्टमध्ये अगदी हीच संदिग्धता आहे.

एक उपप्रश्न विचारतो. आमच्या स्वतःच्या कोडमध्ये अजून स्ट्रिंगसह रिक्वायर (अट खोटी ठरल्यास रिव्हर्ट करणाऱ्या ओळी) आहेत. गॅस (व्यवहार चालवण्याचे शुल्क) वाचतो म्हणून ते सगळे बदलावेत असा आग्रह होत आहे. वाचणारा गॅस खरोखर लक्षणीय असतो का? आणि राउटरच्या ट्राय-कॅचविषयी कोणी सांगू शकेल का?

लेखापरीक्षक_नाशिक

गॅसचे आधी थोडक्यात. यशस्वी व्यवहारात नकाराची ओळ चालतच नाही, त्यामुळे तिथे फरक नगण्य असतो. बचत मुख्यतः बाइटकोडच्या आकारात होते: डिप्लॉय करताना कोडच्या प्रत्येक बाइटला २०० गॅस पडतो, आणि स्ट्रिंग कोडमध्येच साठवलेल्या असतात. कॉन्ट्रॅक्ट २४,५७६ बाइटांच्या मर्यादेजवळ पोहोचले असेल तर हा बदल फार उपयोगी पडतो. परत जाणारा डेटा मात्र फारसा लहान होतो असे नाही. 'ईआरसी२०: ट्रान्सफर अमाउंट एक्सीड्स बॅलन्स' ही मूळ इंग्रजीत ३८ अक्षरांची स्ट्रिंग एन्कोड झाल्यावर १३२ बाइट घेते, आणि तिची जागा घेणारा तीन आर्ग्युमेंटचा कस्टम एरर १०० बाइट घेतो. म्हणून गॅसपेक्षा, एररसोबत आकडे मिळतात हे बदलाचे अधिक भक्कम कारण आहे असे मी मानतो. कंपायलर ०.८.२७ किंवा त्यापुढचा असेल तर रिक्वायर तसाच ठेवून दुसऱ्या जागी कस्टम एरर देता येतो, ०.८.२६ मध्ये ही सोय फक्त व्हाया-आयआर पाइपलाइनमध्ये (कंपायलरच्या पर्यायी मार्गात) होती. मात्र रिक्वायरची आर्ग्युमेंट, अट खरी असली तरी, आधीच काढली जातात. त्या जागी खर्चीक वाचन असेल किंवा स्थिती बदलणारा कॉल असेल, तर इफ आणि रिव्हर्ट असा वेगळा लिहिलेला प्रकारच योग्य ठरतो.

आता ट्राय-कॅच. तुमच्या नजरेतून काही सुटलेले नाही. सॉलिडिटीत कॅचचे प्रकार स्ट्रिंगचा एरर, पॅनिक आणि कच्चे बाइट इतकेच आहेत. नाव देऊन कस्टम एरर पकडता येत नाही. कच्च्या बाइटांच्या कॅचमध्ये लांबी किमान ४ आहे हे पाहून पहिले ४ बाइट काढावेत आणि एररच्या सिलेक्टरशी ताडावेत. ०.८.५ पासून बाइट्सचे बाइट्स४ मध्ये थेट रूपांतर करता येते. आर्ग्युमेंटही हवी असतील तर पहिले ४ बाइट वगळून डीकोड करावे लागते. मेमरीतील बाइटांचे तुकडे भाषेला थेट करता येत नसल्याने त्यासाठी थोडे असेंब्ली लिहावे लागते, किंवा उरलेले बाइट वेगळ्या जागी उतरवून घ्यावे लागतात.

पण तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे म्हणून ते करावे, असे मी म्हणणार नाही. सॉलिडिटीच्या अधिकृत दस्तऐवजातच इशारा दिलेला आहे की एररच्या डेटावर विश्वास ठेवू नये. आतल्या कॉलचा डेटा साखळीतून जसाच्या तसा वर येत असल्याने, सगळ्यांत आतले कॉन्ट्रॅक्ट हवा तो सिलेक्टर आणि हवी ती आर्ग्युमेंट बनवून पाठवू शकते. तुमच्या राउटरच्या बाबतीत हा धोका काल्पनिक नाही. समजा, कोणताही व्हॉल्ट राउटरला देता येतो, आणि 'कमाल मर्यादेचा एरर आला तर एररमधील कमाल आकडा घेऊन पुन्हा प्रयत्न करावा' असे तर्कशास्त्र लिहिले आहे. म्हणजे किती रक्कम काढायची हा निर्णय तुम्ही अनोळखी कॉन्ट्रॅक्टच्या हाती दिला. एररच्या आधारे फक्त नोंद करावी, इव्हेंट काढावा, तो व्हॉल्ट वगळून पुढे जावे. पैशांचा निर्णय राउटरने स्वतः तपासलेल्या शिलकीवर घ्यावा.

त्याखेरीज, ट्राय-कॅच म्हणजे सर्वांगीण संरक्षण अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. दिलेल्या पत्त्यावर कोडच नसेल तर कंपायलरने घातलेली तपासणी राउटरमध्येच रिव्हर्ट करते आणि कॅच चालत नाही. कॉल यशस्वी झाला पण परतीचे मूल्य अपेक्षित प्रकारात डीकोड झाले नाही, तरी तसेच होते. एका व्हॉल्टमुळे संपूर्ण व्यवहार पडण्याचे हे दोन दरवाजे उघडे राहतात, आणि राउटरचा हेतूच तो टाळण्याचा आहे. म्हणून कॉलच्या आधी कोडची लांबी तपासावी, आणि डीकोडचा धोका टाळायचा असेल तर राउटरचेच एक बाह्य फंक्शन मध्ये घालून ट्राय त्या फंक्शनवर करावा. म्हणजे डीकोडमधील अपयशही आतल्या चौकटीत राहते. हे फंक्शन फक्त राउटरलाच कॉल करता यावे, अशी अट मात्र त्यात असलीच पाहिजे.

रिकामा डेटा हाही स्वतंत्र प्रसंग म्हणून हाताळावा. गॅस संपला, संदेशाशिवाय रिव्हर्ट झाला, किंवा मागितलेले फंक्शन कॉन्ट्रॅक्टमध्ये नाही, या तिन्ही वेळी परतीचा डेटा शून्य लांबीचा असतो आणि त्यावरून कारण ओळखता येत नाही. जुन्या कंपायलरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हे सर्रास आढळते. इथेरियमवरील यूएसडीटी या टोकनाचे कॉन्ट्रॅक्ट सॉलिडिटी ०.४ मालिकेतील आहे. पाठवणाऱ्याची शिल्लक अपुरी असेल तर वजाबाकीची तपासणी असर्टमध्ये असल्यामुळे इनव्हॅलिड ऑपकोड चालतो, आणि त्या कॉलला दिलेला सगळा गॅस जळतो. आपल्या गॅसचा जास्तीत जास्त ६३/६४ भागच पुढच्या कॉलला देता येतो, या नियमामुळे कॉल करणाऱ्याकडे जेमतेम चौसष्टावा भाग उरतो. अनेक व्हॉल्टची फेरी चालू असताना असा एक कॉल पुरतो. प्रत्येक कॉलला गॅसची मर्यादा घालून द्यावी.

टेस्टच्या बाजूने म्हणाल तर राउटरसाठी खरा व्हॉल्ट वापरून भागत नाही. मुद्दाम वाईट वागणारी छोटी कॉन्ट्रॅक्ट लिहावी लागतात: खोटा सिलेक्टर पाठवणारे, ३ बाइटच परत करणारे, सगळा गॅस खाणारे, चुकीच्या लांबीचे परतीचे मूल्य देणारे, आणि एक पत्ता ज्यावर कोडच नाही. प्रत्येकासमोर राउटर टिकला आणि त्यानंतरच्या चांगल्या व्हॉल्टची रक्कम पोहोचली, हे शिलकीवरून तपासावे. एररचा डेटा वाटेत गिळला जातो का, हेही बघावे. ओपनझेपेलिन ५.० मधील ईथर पाठवणारे सेंडव्हॅल्यू पाहा: आतल्या कॉलला काय एरर आला हे बाजूला ठेवून ते स्वतःचा फेल्डइनरकॉल फेकते. त्यामुळे री-एन्ट्रन्सीच्या (काम पूर्ण होण्याआधीच त्याच कॉन्ट्रॅक्टला पुन्हा कॉल करण्याच्या) टेस्टमध्ये रीएन्ट्रन्सीगार्डरीएन्ट्रंटकॉलची अपेक्षा ठेवणाऱ्याला बाहेर वेगळेच नाव दिसते, जरी संरक्षण नीट काम करत असले तरी. ५.१ मध्ये त्या एररचे नाव फेल्डकॉल असे झाले.

बाइटकोडवाला

शेवटचे उदाहरण माझ्या आधीच्या उत्तरावरचा आक्षेपच आहे, आणि तो रास्त आहे. लायब्ररीच्या आतल्या भागातील एररची नावे आवृत्तीगणिक बदलू शकतात, आणि प्रत्येक टेस्टमध्ये ती कोरून ठेवली तर तुमच्या सहकाऱ्याला वाटणारी भीती खरी ठरते. तरीही रिकाम्या एक्स्पेक्टरिव्हर्टकडे जाण्याची गरज नाही. ईआरसी-२० च्या ज्या एररना ईआरसी-६०९३ मध्ये प्रमाणित रूप दिलेले आहे, ते आणि तुमचे स्वतःचे एरर आर्ग्युमेंटसह तपासावेत. लायब्ररीच्या अंतर्गत एररचे सिलेक्टर मात्र टेस्टमध्ये हाताने न लिहिता आयात केलेल्या व्याख्येवरून घ्यावेत. मग नाव बदलल्यास टेस्ट चालण्याआधी कंपायलरच अडवतो, आणि दुरुस्ती एका ठिकाणी होते. मला तर हे मोडणे हवेच आहे. एररचे नाव हा कॉन्ट्रॅक्टच्या बाह्य रूपाचा भाग आहे, आणि ते बदलल्याचे सगळ्यांत आधी टेस्टला कळावे.

फझ टेस्टविषयी (यादृच्छिक आकडे घेऊन अनेकदा चालणाऱ्या टेस्टविषयी) एक ओळ: रक्कम फझरने निवडलेली असेल तेव्हा अपेक्षित एररमध्येही तीच रक्कम बांधावी, आणि रक्कम बाउंड या फंक्शनने कमाल मर्यादेच्या वरच्या पट्ट्यात आणावी, नाहीतर काही फेऱ्यांत कॉल यशस्वी होऊन टेस्ट विनाकारण पडेल. मर्यादेच्या बरोबर आकड्यावर कॉल यशस्वी होतो, हे दाखवणारी वेगळी टेस्ट शेजारीच ठेवावी.

मोका_ते_फोर्ज

नाव हा बाह्य रूपाचा भाग आहे, यावरून फ्रंटएंडचे सांगावेसे वाटते, कारण हा बदल टेस्टमध्ये पचला तरी पडद्यावर हमखास बोचतो.

स्ट्रिंग होती तेव्हा वॉलेट आणि लायब्ररी ती आपोआप दाखवत असत. कस्टम एररच्या बाबतीत व्याख्या हाताशी नसेल तर ईथर्सच्या सहाव्या आवृत्तीत 'अननोन कस्टम एरर' एवढेच दिसते. तुमच्या फ्रंटएंडकडे फक्त राउटरचा एबीआय असेल, तर व्हॉल्ट आणि मूळ टोकन यांचे सगळे एरर याच सदरात जातील. उपाय सोपा आहे: तीनही कॉन्ट्रॅक्टच्या एबीआयमधील एररच्या व्याख्या एकत्र करून त्या एकत्रित इंटरफेसच्या पार्सएररने डेटा उलगडावा, आणि प्रत्येक नावासाठी वापरकर्त्याला समजेल असे मराठी वा इंग्रजी वाक्य तुम्ही स्वतः तयार करावे. आकडे डेसिमलनुसार रूपांतरित करायला विसरू नये. १८ डेसिमलच्या टोकनाची कमाल रक्कम कच्च्या रूपात दाखवली तर त्या संदेशाचा उपयोग शून्य. पॅनिकसाठीही दोन-तीन वाक्ये ठेवावीत: अंकगणितातील ओव्हरफ्लोचा क्रमांक हेक्साडेसिमल ११ म्हणजे १७ असतो, शून्याने भागल्याचा १८, अ‍ॅरेच्या मर्यादेबाहेर गेल्याचा ५०. व्हॉल्टकडून १७ क्रमांक आला तर ती वापरकर्त्याची चूक नाही. तिथे कोणती तरी तपासणी लिहायची राहिलेली असते, म्हणून असे प्रसंग वेगळे नोंदवावेत.

आणखी एक व्यावहारिक अडचण. व्यवहार पाठवण्यापूर्वी गॅसचा अंदाज घेतानाच रिव्हर्ट झाला, तर डेटा हाती असतो. पण अंदाजाच्या वेळी ठीक असलेला व्यवहार ब्लॉकमध्ये जाईपर्यंत स्थिती बदलल्यामुळे पडला, तर रिसीटमध्ये फक्त स्टेटस शून्य येते. एररचा डेटा रिसीटमध्ये नसतोच. कारण हवे असेल तर तोच कॉल त्या ब्लॉकच्या आधीच्या स्थितीवर ईथ-कॉलने पुन्हा चालवून पाहावा लागतो. तेही पूर्ण खात्रीचे नाही, कारण त्याच ब्लॉकमध्ये आपल्या आधी लागलेल्या व्यवहारांचा परिणाम त्यात धरला जात नाही. नेमके उत्तर डीबग-ट्रेसट्रान्झॅक्शनमधून मिळते, परंतु सगळे नोड पुरवठादार ती सेवा उघडी ठेवत नाहीत, आणि जुन्या ब्लॉकसाठी अर्काइव्ह नोड (जुनी स्थिती जपून ठेवणारा) लागतो. तुमच्या राउटरमध्ये तर बाहेरचा व्यवहार यशस्वीच ठरतो आणि आतले नकार कॅचमध्ये संपतात. म्हणून वगळलेल्या प्रत्येक व्हॉल्टसाठी त्याचा पत्ता आणि परतीचे कच्चे बाइट इव्हेंटमध्ये काढावेत, त्या बाइटांच्या लांबीला वरची मर्यादा घालून, कारण प्रचंड डेटा परत पाठवून राउटरचा गॅस संपवण्याचा मार्ग वाईट व्हॉल्टला मोकळाच असतो. सॉलिडिटीच्या कॅचमध्ये मात्र बाइट चलात घेतले की संपूर्ण डेटा आधी मेमरीत उतरतो, तेव्हा मर्यादा खरोखर लागू व्हायची असेल तर तो कॉल असेंब्लीतून करून हवे तेवढेच बाइट उतरवून घ्यावे लागतील.